ओताबा मास्तरांची पैनगंगा

परवा आमच्या जुन्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. शाल, नारळ, सगळं झालं. मग वीसेक मुली बासऱ्या घेऊन रंगमंचावर उभ्या राहिल्या आणि माईकपाशी उभा असलेला तरुण म्हणाला, "आता ऐकूया आपल्या भागातली एक पारंपरिक चाल."

पहिले चार सूर निघाले आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पारंपरिक! ती चाल कोणत्या झाडाखाली बांधली गेली ते मी पाहिलेलं आहे. बांधणाऱ्याच्या मिशीला तेव्हा खडू लागलेला होता, हेसुद्धा मला आठवतं. कार्यक्रम संपल्यावर मी त्या तरुणाला जवळ बोलावलं आणि म्हटलं, "बाळ, ही परंपरा नाही. ही ओत्ताव्हियो ब्रुनेल्ली नावाच्या माणसाची रचना आहे."

तो हसला. म्हणाला, "बाई, इतकं जुनं कोणाला माहीत असतं?"

मला माहीत आहे. म्हणून लिहिते आहे. आणि राग आवरून लिहिणार नाही, कारण ज्यांच्याविषयी लिहायचं त्यांनीही आपला राग कधी आवरला नाही. एकदा सोडून.

ओत्ताव्हियो हे नाव आमच्या आदिलाबादच्या तोंडात मावणारं नव्हतं. आठ दिवसांत त्याचं ओताबा झालं आणि ओताबाच राहिलं. मास्तर इटलीचे. तिथे बासरी शिकले, शिकवू लागले, रचना करू लागले. लढाई सुरू झाली तेव्हा त्यांना पलटणीच्या बँडमध्ये ओढलं. आफ्रिकेत पकडले गेले आणि कैदी म्हणून हिंदुस्थानात आले. लढाई संपल्यावर बाकीचे कैदी बोटीने परत गेले, हे गेले नाहीत. का नाही गेलात असं कोणी विचारलं तर म्हणायचे, "घर पडलं. आई आतच होती."

हैदराबादेतल्या एका जहागीरदाराला आपल्या बँडसाठी उस्ताद हवा होता, तिथे ते लागले. मग पोलीस अ‍ॅक्शन झाली, संस्थान भारतात आलं, जहागिऱ्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर बँडही गेला. शिक्षण खात्यातल्या कोणा भल्या माणसाने त्यांना आमच्या सरकारी शाळेत संगीत शिक्षक म्हणून पाठवलं. मी तिथे मराठी शिकवायला नुकतीच लागले होते.

बुटका बांधा, पिंपासारखी छाती, गळ्यात कायम रुमाल. रागावले की आधी त्यांचे कान लाल व्हायचे, मग मान, आणि मग आवाज निघायचा. पहिल्याच तासाला मुलांनी गोंगाट केला तेव्हा ते ओरडले, "बास्ता!" त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ 'पुरे'. आमच्याकडे दप्तराला बस्ता म्हणतात. मुलांनी मुकाट्याने आपापले बस्ते उचलले आणि घरची वाट धरली. मास्तर रिकाम्या वर्गात लाल होऊन उभे. मी शेजारच्या वर्गातून आले आणि झालेला घोटाळा हिंदीत समजावून सांगितला, तेव्हा इतक्या मोठ्याने हसले की हेडमास्तर धावत आले.

मराठी ते मुलांकडून शिकले आणि घरमालकीण गंगूबाईंकडून. त्यामुळे ती आमच्या भागातलीच झाली. मी त्यांना शुद्ध बोलायला शिकवायचं मनावर घेतलं होतं. "मास्तर, 'का' म्हणावं. 'काऊन' नव्हे."

ते विचार करून म्हणाले, "का फार लहान हाय, बाई. त्याच्यात रागावता येत नाही. काऊनमंदी जागा हाय."

त्यानंतर मी नाद सोडला.

शिकवण्याची त्यांची पद्धत गावाला वेडेपणाची वाटे. बासरीला हात लावायचा नाही. आधी भिंतीला कागदाचा कपटा लावायचा, हात काढून घ्यायचा आणि नुसत्या फुंकरीने तो भिंतीवर धरून ठेवायचा. कपटा पडला की, "पोटातून फुक! गळा काऊन ताणून राह्यली?" कित्येक आठवडे हेच. जैनथकडचा एक कापूसवाला शेतकरी, कौसल्या नावाच्या मुलीचा बाप, तावातावाने शाळेत आला.

"मास्तर, पोरीले भिंत फुकाले धाडलं काय आमी? चूल फुकाले ते घरीच शिकते."

मास्तरांनी त्याच्या हातात कपटा दिला. त्याने भिंतीला लावून फुंकर मारली, कपटा पडला. पुन्हा मारली, पुन्हा पडला. मग कौसल्या पुढे झाली. तिचा कपटा भिंतीला चिकटवल्यासारखा राहिला. बाप पाहत राहिला आणि जाताना एवढंच म्हणाला, "चांगली दमाची हाय पोरगी." ती पुढे मास्तरांची पहिल्या रांगेतली पहिली झाली.

दुसरा एक नियम होता. मुलं वाजवत असताना मास्तर स्टुलावर बसून हाताने ताल देत. चूक झाली की उभे राहत. ते उभे राहिले की सगळ्यांनी तिथल्या तिथे थांबायचं. सूर अर्धा असो, श्वास अर्धा असो, थांबायचं. हा नियम मुलांच्या अंगात इतका मुरला होता की मास्तर व्हरांड्यात सहज उठून उभे राहिले तरी मैदानावर बोलणारी पोरं गप्प होत.

गंगूबाई विधवा होत्या, एकट्या, आणि जिभेने मास्तरांच्या तोडीस तोड. एका सकाळी त्यांनी पाहिलं तर त्यांचा भाडेकरू तुळशीची पानं ओरबाडून टोमॅटोवर पसरतो आहे.

"काऊन तोडला हो तुळशीचा पाला? देवाची हाय ते!"

"आमच्याकडं बी असाच पाला असते. आमी जेवणात खातो," मास्तर म्हणाले. घास तोंडात घातला, चावला, आणि त्यांचा चेहरा पडला. "हे ते नव्हे," म्हणाले आणि ताट बाजूला सारून बसून राहिले. मला हे गंगूबाईंनीच सांगितलं. म्हणाल्या, "बाई, तुळस तोडली म्हणून मी भांडाले उभी राह्यली, अन् त्या माणसाच्या डोळ्यात पाणी. आता काय करू?" त्यांनी त्या दिवशी त्यांना पिठलं-भाकर वाढली.

नार्नूरच्या बाजाराला आम्ही एकदा शाळेतली चार मंडळी मिळून गेलो होतो. तिथे काही प्रधान मंडळी, म्हणजे गोंडांकडे पिढ्यान्‌पिढ्या गाणारे-वाजवणारे लोक, पेपरे वाजवत बसली होती. पेपरे म्हणजे सनईसारखं, पण सनईपेक्षा रांगडं वाद्य. मास्तर त्यांच्यासमोर मातीत बसले ते उठेनातच. आमच्या खरेद्या झाल्या, चहा झाला, हे तिथेच. परतताना बसमध्ये हेडमास्तर खुशीत येऊन म्हणाले, "ब्रुनेल्लीसाहेब, ही धून उचला. तुमच्या मुलांच्या बासऱ्यांवर झकास बसेल. इन्स्पेक्शनला कामी येईल."

मास्तरांचे कान लाल झाले. "ते त्यांचं हाय."

"अहो, जंगलातल्या लोकांचं गाणं. त्याला काय मालक असतो?"

"मी त्याले नाव विचारलं," मास्तर ओरडले. "त्याच्या बापाचं नाव विचारलं. बापानं शिकवली त्याले. मालक काऊन नाही? मी तुमचा कोट उचलू काय? आदिलाबादच्या माणसाचा हाय, त्याले काय मालक?"

हेडमास्तर पुढे सबंध रस्ताभर खिडकीबाहेर पाहत बसले. ही गोष्ट मी मुद्दाम लिहिते आहे. दुसऱ्याच्या सुराला हात लावताना या माणसाचा हात कसा मागे येत असे, ते लोकांना कळू दे.

स्वतःची रचना त्यांनी मग पैनगंगेवर केली. जैनथकडची मुलं रोज नदीच्या गोष्टी सांगत, म्हणून एका रविवारी ते कौसल्याच्या बापाच्या बैलगाडीतून नदीवर गेले आणि दिवसभर पाण्याशी बसून आले. शाळेच्या मैदानातल्या कडुलिंबाखाली, फळा झाडाला टेकवून, त्यांनी ती बांधली. वाजवायला मुलांच्या बांबूच्या बासऱ्या आणि त्यांची स्वतःची चांदीची बासरी. आधी उन्हाळ्यातली नदी, म्हणजे एकेक सूर, मध्ये वाळू असावी तसा थांबा. मग पूर. शेवटी पूर ओसरतो, सगळे थांबतात, आता संपलं असं वाटतं, आणि एकच बासरी अगदी हळू पुन्हा निघते. मी तोवर संगीताला टाळ्या वाजवणारी बाई होते. पहिल्यांदा ते पूर्ण ऐकलं तेव्हा टाळी वाजवायचं सुचलंच नाही.

तेवढ्यात राज्यांची फेररचना आली. हैदराबाद राज्याचे तुकडे भाषेवर पडले. राजुरा, किनवट पलीकडे मुंबई राज्यात गेले, आदिलाबाद अलीकडे, तेलुगू बोलणाऱ्यांच्या नव्या राज्यात राहिलं. सगळ्या नोकरदारांना विचारणा झाली, तुम्ही कुठले, कुठे जाणार. मास्तरांबरोबर कचेरीत मी गेले होते. तिथला अहलकार, म्हणजे कारकून, निजामी वळणाचा होता.

"मादरी जबान?"

"इटालियन."

"वो नहीं चलता. तेलुगू, मराठी, उर्दू, कन्नड, इनमें से बोलो."

"मग मराठी लिहा."

"आप मराठी कैसे? आप तो मुल्की भी नहीं." मुल्की म्हणजे संस्थानातला मूळ रहिवासी.

"काऊन नाही मराठी? शिव्या देऊन दाखवू काय?"

अहलकार हसला. मास्तर हसत नव्हते. आणि मीही हसले नाही, कारण पुढचं मला दिसत होतं. झालंही तसंच. मराठी वर्ग कमी होणार, म्हणून मराठी बोलणारा संगीत शिक्षक इथे नको. तेलुगू वर्गांना तेलुगू येणारा हवा. पलीकडून उत्तर आलं की हा गृहस्थ आमचा नव्हे. माणसांची वाटणी करायला बसलेल्या इतक्या शहाण्या लोकांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बासरी कोणत्या भाषेत वाजते. त्यांची जागा रद्द झाली.

तरीही ते रोज शाळेत येत राहिले. नव्या राज्याच्या सोहळ्यात मुलांनी पैनगंगा वाजवायची असं आधीच ठरलं होतं आणि मुलं तयार होत आली होती.

तालमीला शिक्षण खात्याचे नवे निरीक्षकसाहेब आले. त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांची नातवंडं असतील, त्यांचा काय दोष. साहेबांनी डोळे मिटून ऐकलं, गुडघ्यावर बोटं वाजवली आणि दुसऱ्या दिवशी या चालीवर आपलं एक स्वागतगीत रचून आणलं. शिवाय हेडमास्तरांना सांगितलं की परदेशी माणूस स्टेजवर बरा दिसणार नाही. हेडमास्तर हात चोळत मास्तरांकडे आले.

"ब्रुनेल्लीसाहेब, तुम्ही आपले पाहुण्यांसारखे समोर बसा."

मास्तर लालबुंद झाले. मला वाटलं, आता भडका. पण ते म्हणाले, "पोरं तयार हायत. वाजवू द्या त्यांना."

सोहळ्याला मांडव भरला होता. मास्तर आपणहून शेवटच्या बाकावर बसले होते, शेजारी मी. निवेदन तेलुगूत झालं. मास्तरांना तेलुगू येत नसे. त्यांनी विचारलं, "काय म्हणला तो?"

मी सांगितलं. खोटं सांगून काय उपयोग होता? "म्हणाला, शब्द आणि संगीत निरीक्षकसाहेबांचं."

त्यांचे कान लाल झाले. मान लाल झाली. मुलांनी सुरुवात केली, गाणारी मुलं अजून थांबली होती, नुसत्या बासऱ्या चालू होत्या, आणि मास्तर उभे राहिले.

पहिल्या रांगेतली कौसल्या समोरच पाहत होती. तिची बासरी थांबली. तिच्या डाव्या-उजव्या हाताच्या दोघींची थांबली. चूक झाली, मास्तर उभे राहिले, एवढंच त्या पोरींना कळलं. सूर मध्येच पातळ झाला. मागच्या रांगा गोंधळल्या. निरीक्षकसाहेबांनी मान वळवून पाहिलं.

मास्तर खाली बसले.

कौसल्याने श्वास घेतला आणि सूर पुन्हा धरला. इतर आल्या. त्यानंतर शेवटपर्यंत तो माणूस बाकाची कड दोन्ही हातांनी धरून बसला होता, कोणी उचलून नेईल अशी भीती असल्यासारखा. त्यांचा हात माझ्या हाताशेजारी होता. बोटं पांढरी पडली होती. शेवटच्या थांब्याला लोकांनी टाळ्या सुरू केल्या आणि हळू निघणारी एकटी बासरी त्यात बुडून गेली. "अजून हाय," मास्तर पुटपुटले, "अजून हाय." तिकडे साहेब उठून लोकांना नमस्कार करत होते.

चहाच्या मंडपात मी साहेबांसमोर जाऊन उभी राहिले. "ही रचना ब्रुनेल्ली मास्तरांची आहे. मी साक्षीदार आहे."

ते शांतपणे म्हणाले, "बाई, सरकारी शाळेत केलेलं काम सरकारचं असतं."

"मग त्याला तुमचं नाव कशाला?"

हेडमास्तरांनी मला जवळजवळ ओढत बाहेर नेलं. थोड्याच दिवसांत माझी बदली नार्नूरला झाली. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

वाईट मास्तरांच्या उत्तराचं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याशी भांडलेच. "तुम्ही उभं राहायला हवं होतं. रस्त्यावरच्या पोरांवर ओरडता, हेडमास्तरांना कोटावरून सुनावता, आणि स्वतःचं नाव लुटलं जाताना बसून राहता?"

"उभा राह्यलो ना मी," ते म्हणाले. "पोरी थांबल्या. पाह्यलं ना तुमी? इतके दिवस शिकवलं त्यांना. माझ्या रागापायी त्यांची पैनगंगा अर्ध्यावर मोडू?" आणि लगेच कान लाल. "पण तिसऱ्या ओळीत कौसल्यानं श्वास काऊन घेतला? शंभरदा सांगितलं, तिथं नाही घ्यायचा!"

लोकांना हे उत्तर मोठं वाटेल. मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. मुलांसाठी गिळलेला राग चोराच्या पथ्यावर पडला. त्या दिवशी साहेबांचं झालेलं गाणं दहा-पंधरा वर्षांत कोणाचंच राहिलं नाही, आणि आता ते पारंपरिक झालं. यात मोठेपणा शोधायला मी तयार नाही.

नोकरीवर त्यांचा राहण्याचा परवाना होता. नोकरी गेली तशी परवान्याची मुदतही वाढेना. पोलिसांनी जिल्हा सोडायला सांगितलं. गंगूबाई एकट्या ठाण्यात जाऊन आल्या. "तुळशीचा पाला सोडला तर त्या माणसानं या गावातलं काई नेलं नाही," त्यांनी फौजदाराला सुनावलं. "चोर तुमाले सापडत नाहीत अन् बासरीवाला सापडला?" फौजदाराने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हुकूम कायम ठेवला.

मी नार्नूरला रुजू व्हायला निघाले त्याच सकाळी तेही निघाले. गुडीहत्नूरपर्यंत आमची बस एकच होती. तिथून मी उटनूरच्या रस्त्याला लागणार आणि ते हमरस्त्याने निर्मळकडून हैदराबादला, तिथून मुंबई आणि बोट. बोट त्यांनी पकडली की नाही हे मला कधी कळलं नाही. कोणी म्हणालं गोव्यात दिसले, कोणी म्हणालं नागपुरात. मी पुष्कळ विचारून पाहिलं.

गुडीहत्नूरच्या फाट्यावर आम्ही चहा घेतला. माझी बस उभीच होती, मी चढून खिडकीशी बसले. मास्तर ट्रंकेवर बसून होते. तेवढ्यात रस्त्यापलीकडे एक वरात येऊन सावलीला थांबली. वऱ्हाडी पाणी प्यायला लागले आणि बँडवाल्यांतला एक हडकुळा गडी क्लॅरिनेटवर काहीतरी घोटू लागला. सूर दर वेळी वरच्या टोकाला जाऊन चिरकत होता. मास्तरांची मान तिकडे वळली. दोन वेळा त्यांनी ती परत इकडे वळवली. तिसऱ्यांदा सूर चिरकला तेव्हा कान लाल झालेले मला खिडकीतून दिसले.

ते उठले. ट्रंक तिथेच टाकून तरातरा रस्ता ओलांडला. "काऊन गळा दाबून राह्यला बे त्याचा?" हे मला इथपर्यंत ऐकू आलं. तो गडी आधी दचकला. मग मास्तरांनी त्याचं कोपर धरून वर उचललं, त्याच्या पोटावर तळवा ठेवला आणि स्वतः गाल फुगवून दाखवलं. वऱ्हाडी गोळा झाले.

माझी बस हलली. त्याच वेळी निर्मळची बस येऊन थांबली, कंडक्टर हैदराबाद, हैदराबाद ओरडू लागला. मी खिडकीतून हाक मारली, "मास्तर, तुमची बस!" त्यांनी मागे न बघता आमच्याकडे एक हात हलवला, थांबा म्हणून, आणि दुसरा त्या गड्याच्या पोटावरून काढला नाही. कंडक्टरने घंटी दिली. निर्मळची बस निघून गेली, तरी ते त्याला श्वास घ्यायला शिकवत होते.